‘ॲटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन’ : अथेन्सचे शिलालेख घरबसल्या वाचण्याची सोय

अथेन्स आणि त्याभोवतीचा ॲटिका प्रांत यांतून आजवर सुमारे २०,००० प्राचीन ग्रीक शिलालेख उजेडात आले आहेत. त्यांतील बहुसंख्य अथेन्समध्येच असले, तरी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत प्रवासी, सरदार आणि राजदूत यांच्या हस्ते बरेच दगड ब्रिटनला गेले, आणि आज ते काही संग्रहालयांत तर काही खाजगी वाड्यांत आहेत. ग्रीक न जाणणाऱ्या वाचकाला या लेखांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग पूर्वी फारच अरुंद होता, कारण त्यांचे अधिकृत संपादित पाठ लॅटिन टिपांसह जाडजूड खंडांत छापलेले असत आणि ते खंड मोजक्याच ग्रंथालयांत मिळत. शिलालेखांचे अभ्यासक स्टीफन लॅम्बर्ट यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘ॲटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन’ या संकेतस्थळाने ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर केली आहे. त्याच्या वापरासाठी पैसे पडत नाहीत.

प्रत्येक लेखाच्या नोंदीत इंग्रजी भाषांतर, लेखाचा प्रकार, काळ, दगड कोठे सापडला आणि आज कोठे आहे ही माहिती दिलेली असते. पुष्कळ नोंदींना मूळ ग्रीक पाठ आणि टिपाही जोडलेल्या आहेत. भाषांतर सुबोध आहे, पण ते गुळगुळीत केलेले नाही, आणि मला तरी हाच त्याचा मोठा गुण वाटतो. अथेन्सच्या ठरावाचा आरंभ जवळजवळ ठरीव असतो: पाचशेजणांच्या मंडळाला व जनतेला मान्य झाले, त्या वेळी नागरिकांच्या अमुक गणाकडे (विभागाकडे) कामकाज होते, अमुक लेखनिक होता, अमुक अध्यक्षस्थानी होता, अमुकाने ठराव मांडला. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त ज्याने सूचक-अनुमोदकांच्या नावांसह लिहिले आहे, त्याला ही भाषा लगेच ओळखीची वाटेल. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, दात्यांचे जे ब्राह्मी लेख आहेत, ते दात्याचे नाव, गाव आणि दान एवढ्यावर थांबतात; अथेन्सचा दगड मात्र निर्णयाबरोबर त्याची कार्यपद्धतीही नोंदवून ठेवतो.

या स्थळाच्या कामाची खरी कसोटी लागते ती ब्रिटनमधील संग्रहांतल्या ॲटिक लेखांवर त्याने काढलेल्या खंडांच्या मालिकेत. २०१८ मध्ये पेटवर्थ हाउस या इंग्लंडमधील वाड्याच्या संग्रहापासून ही मालिका सुरू झाली आणि पुढे केंब्रिजचे फिट्झविल्यम संग्रहालय, लीड्सचे नगर संग्रहालय, अनेक भागांत विभागलेले ब्रिटिश म्युझियम असे तिचे खंड होत गेले. ते सर्व उतरवून घेता येतात. ब्रिटिश म्युझियममधील एक दगड मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. इ.स.पू. ४०९/८ मध्ये (अथेन्सचे वर्ष आपल्या दोन वर्षांत विभागले जाते, म्हणून ही तिरपी रेघ), डायोक्लीस आर्खोन, म्हणजे ज्याच्या नावाने वर्ष ओळखले जाई तो अधिकारी, असताना, ॲक्रोपोलिस या अथेन्सच्या टेकडीवरील अर्धवट राहिलेल्या मंदिराची, म्हणजे आपण ज्याला एरेख्थिऑन म्हणतो त्याची, पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली गेली. वास्तुविशारद फिलोक्लीस यांच्यासह तिने कोणता दगड बसवला आहे, कोणता खाली पडून आहे, कोणाला अखेरची घडाई व्हायची आहे, याची यादी लांबी-रुंदी-जाडीसह तयार केली, आणि ती यादी दगडावर कोरली गेली. ज्या स्त्री-स्तंभांना आज जग कॅरिअटिड म्हणते, त्यांचा उल्लेख या यादीत केवळ ‘मुली’ असा येतो. हा दगड इंग्रज प्रवासी रिचर्ड चँडलर यांनी अठराव्या शतकात लंडनला नेला. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन यांनी काढून नेलेली त्यांतली एक ‘मुलगी’ त्याच संग्रहालयात आहे आणि उरलेल्या पाच अथेन्सला. त्यानंतरच्या वर्षांचे बांधकामाचे हिशेब, ज्यांत नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम यांना दिवसाला सारखाच एक द्राख्मा (चांदीचे नाणे) मजुरी दिल्याचे दिसते, ते बहुतांशी अथेन्समध्ये आहेत. एकाच बांधकामाचे कागदपत्र म्हणावेत असे हे लेख दोन देशांत विखुरलेले आहेत, आणि वाचकाला ते एका बैठकीत एकापाठोपाठ वाचता येणे ही सोय लहान नाही.

खाजगी संग्रहांच्या बाबतीत ही मालिका अधिकच मोलाची ठरते, कारण संग्रहालयात तिकीट काढून जाता येते, दुसऱ्याच्या दिवाणखान्यात जाता येत नाही. स्कॉटलंडमधील ब्रूमहॉल हे एल्गिन घराण्याचे निवासस्थान. तेथील शिलालेखांनाही या मालिकेत स्वतंत्र खंड मिळाला आहे. दगड कोणी, कोठून आणि कसा आणला याचा माग काढताना संपादकांनी जुन्या प्रवाशांच्या नोंदींपर्यंत जाण्याचे कष्ट घेतलेले दिसतात. मात्र दगड परत द्यावेत की नाहीत, या वादाचा निवाडा येथे शोधू नये.

तुटलेल्या दगडाचे वाचन कसे होते, हे ठाऊक नसेल तर नवख्या वाचकाची फसगत होऊ शकते. इ.स.पू. पाचव्या आणि चौथ्या शतकांतील बरेच ठराव चौकटीच्या वहीत अंक मांडावेत तसे, अक्षराखाली अक्षर येईल अशा रीतीने कोरलेले आहेत. त्यामुळे ओळीचा अर्धा भाग गेला तरी किती अक्षरे गेली हे मोजता येते, आणि ठरीव शब्दप्रयोगांच्या आधाराने ती भरता येतात. अशी भरलेली अक्षरे ग्रीक पाठात चौकटी कंसात दाखवतात. कंसातला मजकूर हा विद्वानाचा तर्क आहे, दगडाची साक्ष नव्हे, हे भान सुटले की कंसांवरच इतिहास उभा राहतो. म्हणून भाषांतर वाचतानाही मूळ पाठावर नजर टाकावी. ग्रीक येत नसले तरी कंस कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे डोळ्यांना कळतेच.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे स्थळ ॲटिकापुरतेच आहे. क्रीटमधील गोर्टिनचा प्रसिद्ध कायदा येथे शोधण्यात अर्थ नाही. छायाचित्रे सर्व नोंदींना नाहीत, आणि अक्षरांच्या वळणावरून काळ कसा ठरवतात हे ज्याला शिकायचे आहे त्याला ही उणीव जाणवते. खंडांतील टिपा अभ्यासकांसाठी लिहिलेल्या असल्याने संक्षेप फार आहेत, आणि सामान्य वाचकाने पहिल्या वाचनात त्या ओलांडून पुढे गेले तरी चालेल.

आरंभ कोठून करावा असे कोणी विचारल्यास मी इ.स.पू. ३७८/७ चा अरिस्टॉटलीसचा ठराव सुचवेन. हा अरिस्टॉटलीस तत्त्वज्ञ नव्हे, त्याच नावाचा दुसरा नागरिक. स्पार्टाने ग्रीकांना स्वतंत्र राहू द्यावे यासाठी अथेन्सने जो संघ स्थापिला, त्याचे आमंत्रण आणि सदस्यांची यादी या दगडावर आहे. सुमारे वीस तुकडे जुळवून तो उभा केला गेला आहे, आणि अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात तो ठेवलेला आहे. दगड कोरण्यासाठी अथेना देवीच्या खजिनदारांनी साठ द्राख्मा द्याव्यात, हेही त्यात लिहिले आहे. त्याच दगडावरच्या काही ओळी पुढे कोणीतरी मुद्दाम घासून काढल्या, आणि तेथे काय होते यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.