हेड गॅस्केटचे ४१,८०० घेतले, गेले होते हीटर प्लग

डिसेंबरातली नाशिकची सकाळ, पारा दहाच्या आसपास. १.३ लिटरची डिझेल गाडी, सव्वा लाख किलोमीटर झालेली. सेल्फ बराच वेळ फिरवल्यावर एकदाची लागते, दोन-तीन मिनिटं थरथरते आणि मागून पांढरा धूर इतका की कंपाउंडची भिंत दिसेनाशी होते. धूर डोळ्यांना झोंबतो. पाच मिनिटांत सगळं शांत. दुपारी स्टार्ट केली तर काहीच नाही.

एवढं ऐकूनच जाणत्या फिटरचा हात हीटर प्लगकडे, म्हणजे थंड एन्जिनात सिलिंडर तापवून डिझेल पेटवायला मदत करणाऱ्या प्लगकडे, जायला हवा. या गाडीच्या मालकाला मात्र गॅरेजमध्ये ऑइल भरायचं झाकण उलटं करून दाखवलं गेलं. आतून पिवळट-पांढरी साय. "बघा साहेब, ऑइलमध्ये पाणी आलंय. हेड गेलं." म्हणजे एन्जिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, हेड गॅस्केट, फुटलं.

साय खरी होती, पण निदान खोटं. घर ते ऑफिस तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत थंडीत ही साय धरतेच. ऑइल पुरतं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही आणि सगळ्यात थंड जागी, म्हणजे झाकणाखाली, पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. खरं कळतं ते डिपस्टिकवर, ऑइल मोजायच्या काडीवर. कूलंट, म्हणजे एन्जिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी, ऑइलमध्ये उतरलं असेल तर काडीवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं आणि लेव्हलही बहुतेक वेळा वाढलेली असते. इथे काडी स्वच्छ काळी होती, लेव्हल खुणेच्या आत. ती काडी काढायची तसदी मात्र त्या गॅरेजमध्ये कुणी घेतली नाही.

हेडचं काम म्हणून ४१,८०० भरून गाडी तीन दिवसांनी मिळाली, तीही भर दुपारी. दुपारी धूर कधीच येत नव्हता, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटलं. पुढच्या थंड सकाळी धूर जिथल्या तिथे.

मग दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासणी झाली ती अशी. कूलंटची लेव्हल थंड एन्जिनवर टाकीच्या खुणेला, आठवडाभर रोज बघूनही हललेली नाही. सायलेन्सरपासून हातभर अंतरावर पांढरा कागद धरला. नुसती वाफ असती तर कागद ओला होऊन डाग न ठेवता वाळला असता. इथे तेलकट ठिपके आले, डिझेलच्या वासाचे. मग प्लगच्या वायरी काढून मल्टिमीटर लावला. चारपैकी दोन प्लग १ ओहमच्या आतबाहेर, म्हणजे ठीक. बाकी दोन आतून तुटलेले, काटा हललाच नाही. त्या दोन सिलिंडरमध्ये थंड धातू हवेची उष्णता खाऊन टाकतो, डिझेल पेटत नाही आणि बारीक थेंबांच्या धुक्यासारखं बाहेर पडतं. तोच पांढरा धूर. प्लग बदलण्याआधी इग्निशन ऑन करून वायरीपर्यंत १२ व्होल्ट येतात का, तेही टेस्ट लॅम्पने बघितलं. रिले किंवा फ्यूज उडाला असेल तर चांगले प्लगही विनाकारण बदलले जातात. चार नवे प्लग आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये. जुने प्लग एन्जिन कोमट असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारूनच सोडवावेत. जोर लावला की प्लग हेडमध्ये तुटतो, आणि मग खरंच हेड उतरवावं लागतं.

आता पहिल्या गॅरेजचं ते बिल. गॅस्केट किट, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), कूलंट पाच लिटर, ऑइल, मजुरी. हेड बोल्टचा उल्लेखच नाही. अशा एन्जिनांचे हेड बोल्ट कसताना ताणले जातात, हेड उतरवलं की नवेच लागतात. फेसिंग लेथवाल्याकडे होतं, पण त्याची पावती नव्हती. गाडीकडे बघितलं तर टर्बोपासून खाली जाणाऱ्या पाइपच्या नटांवर जुना गंज तसाच, पान्याचा एक ओरखडाही नाही. तो पाइप न सोडवता हेड निघणार कसं? टाकीत कूलंटही तेच जुनं, तपकिरी. म्हणजे हेड उतरलंच नव्हतं. मालकाला जुनं गॅस्केट म्हणून जे दाखवलं त्याला तीन सिलिंडरची भोकं होती! गाडी चार सिलिंडरची.

हेड गॅस्केट खरोखर जातं तेव्हा खुणा वेगळ्या असतात. धूर गाडी तापल्यावरही थांबत नाही, वास गोडसर असतो, कूलंट कमी होत जातं आणि बाहेर कुठे गळती दिसत नाही. त्यासाठी कूलिंग सिस्टिमला पंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी, साधारण १ बार, हवा देऊन दहा-पंधरा मिनिटं काटा उतरतो का बघतात. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, तोही मोजतात. डिझेलला साधारण २५ ते ३० बार येतं आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी निघाले तर मधलं गॅस्केट गेल्याचा दाट संशय. पण डिझेल गाडीत ईजीआर कूलर (एन्जिनात परत जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) फुटूनही कूलंट धुरात येतं. तो आधी तपासल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नका. आणि कूलंट कमी होत असेल तर गाडी चालवत राहू नका, तापून हेड वाकेल. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पेट्रोल गाडीवाल्यांनी तर थंडीतल्या सकाळच्या वाफेला घाबरूच नये. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये ते दिसतं, तापल्यावर दिसत नाही.

काम देण्याआधी टेस्टचे आकडे जॉबकार्डावर लिहून घ्या, जुने पार्ट परत हवेत हेही तिथेच लिहा. गाडी सकाळी थंड असताना ताब्यात घ्या, पहिला स्टार्ट तुमच्यासमोर. पैसे गेलेच असतील तर बिल, जॉबकार्ड, त्या गंजलेल्या नटांचे फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची.