हॉलची लादी: जुनं मोझॅक ठेवायचं, टाइल बसवायची की एसपीसी टाकायचं?

दुकानातल्या कॅटलॉगमध्ये फरशीवर खेळणाऱ्या मुलाच्या पायात हमखास लोकरी मोजे असतात. आमच्या मुलुंडच्या घरात मोजे शाळेच्या बुटांबरोबर दारातच निघतात आणि जुलैमध्ये पोरांचे तळवे दिवसभर ओलसर असतात. एक साडेचार वर्षांची, धावणारी. दुसरा दहा महिन्यांचा, रांगणारा. त्यामुळे पायाला ऊब देणारी लादी आम्हाला नकोच होती. प्रश्न पाण्याचा होता. सांडलेली बाटली, छत्रीचं ठिबकणं, गॅलरीतून आत येणारी झड, आणि डायपर सोडवायच्या दिवसांत हॉलभर होणारी सू.

आणि पाण्यापर्यंत पोचायच्या आधी एक काम होतं, खाली काय आहे ते बघायचं. आमची बिल्डिंग सत्तरच्या दशकातली, हॉल १० बाय १५, खाली पिवळट मोझॅक. ते फोडायचं ठरवलं तर हिशेब असा होतो: जाड लादी आणि खालचा मालाचा थर मिळून अडीच इंच धरा. १५० चौरस फुटांतून पावणेदोन टनांच्या आसपास डेब्रिज निघतं. तीस-तीस किलोच्या गोणी भरल्या तर साठेक गोणी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यात सोसायटीची परवानगी, फोडकामाच्या ठरलेल्या वेळा, आणि घरभर अशी धूळ की रांगणाऱ्या मुलाला घेऊन तिथे राहताच येणार नाही. म्हणून फोडणं आम्ही पहिल्याच दिवशी बाद केलं. तुमच्याकडे लाद्या उखडल्या असतील किंवा खालून ओल येत असेल, तर मात्र फोडण्याला पर्याय नाही.

परीक्षा सोपी आहे. नाणं घेऊन एकेका लादीवर वाजवत जा. भरीव आवाज आला तर लादी पक्की, पोकळ आला तर खालचा माल सुटलाय. आमच्या हॉलमध्ये चार पोकळ निघाल्या, तेवढ्याच काढून पुन्हा बसवता आल्या.

फोडायचं नसेल तर तीन रस्ते उरतात: आहे ते मोझॅक घासून पॉलिश करणं, त्यावरच टाइल चिकटवणं, किंवा वर एसपीसीच्या, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिक मिळून बनलेल्या, फळ्या टाकणं. चौथा रस्ता लॅमिनेटचा. दुकानदार तोच आधी दाखवतो, कारण दिसतो सुंदर. माझ्या नणंदेने कांजूरमार्गच्या टॉवरमध्ये तो लावला. लॅमिनेटच्या पोटात लाकडाचा दाबलेला भुसा असतो. सांध्यातून पाणी गेलं की कडा फुगतात आणि वाळल्यावर परत बसत नाहीत. दोन पावसाळ्यांत तिच्या गॅलरीच्या दाराशी बोटाला लागेल एवढा उंचवटा आला. शिवाय लॅमिनेट पुसायचं ते घट्ट पिळलेल्या फडक्याने. आपल्याकडे लादी बादलीभर फिनाईलच्या पाण्याने पुसली जाते आणि मावशींना रोज "पिळून घ्या हो" सांगणं कुणाला जमतं? मुलं मोठी होईपर्यंत लॅमिनेट नको, हे मी ठामपणे सांगेन.

एसपीसी दिसायला त्याचाच भाऊ, पण पोटात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी. पाण्याने फुगत नाही. पाच मिलिमीटरच्या फळ्यांचं वजन आमच्या हॉलला दीडशे किलोच्या आतच भरलं असतं. खाली बहुतेक वेळा फोमचा थर चिकटवलेला असतो, त्यामुळे खेळण्यातली गाडी घरंगळली तरी खालच्या काकूंच्या डोक्यावर तो घरघराट बराच कमी पोचतो. आवाजावरून ज्यांच्या तक्रारी सुरू झाल्यात, त्यांच्यासाठी हा एकच मुद्दा पुरेसा आहे. काम दीड-दोन दिवसांत होतं. भाड्याच्या घरात तर हाच पर्याय, कारण काहीही न फोडता, न चिकटवता फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात.

पण "शंभर टक्के वॉटरप्रूफ" म्हणजे फळी वॉटरप्रूफ, जमीन नव्हे. पाणी भिंतीच्या कडेने खाली उतरलं तर तिथेच कोंडून राहतं आणि कुबट वास येतो. खालचा पृष्ठभाग सपाट लागतो. दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा असेल तर फळी चालताना दबते आणि कालांतराने तिचं लॉक तुटतं. दुपारचं ऊन थेट पडतं तिथे फळ्या फुलतात, म्हणून भिंतीलगत सोडलेली फट मिस्त्रीला सिमेंटने भरू देऊ नका, ती स्कर्टिंगखाली लपते. वरचा झिजेचा थर ०.३ मिलिमीटरचाही मिळतो. मुलं स्टूल ओढत फिरणार असतील तर ०.५ चा मागा. आणि रांगणारं मूल आहे म्हणून थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन) नसल्याचं प्रमाणपत्र बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बाजारात फुटावर मिळणारा पातळ पीव्हीसीचा रोल स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात त्याच्याखाली काळी बुरशी धरते आणि कडा वळली की पोरं अडखळतात.

आता टाइल. गुजरातमधल्या मोरबीहून येणारी व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, हळद-क्रेयॉन पुसून निघतात, एप्रिलमध्ये उघड्या अंगाने त्यावर लोळायचं सुख वेगळंच. चकचकीत घेऊ नका, एवढंच. ओल्या पायाने ती घसरते. मॅट घ्या, घसरणरोधकाचा आकडा विचारा: आर ९ पासून आर १३ पर्यंत असतो, घरातल्या हॉलला आर १० बरा. त्याहून खरखरीत घेतली तर मळ धरते आणि रांगणाऱ्याचे गुडघे सोलतात. मी नमुन्याची टाइल दुकानात जमिनीवर ठेवून पाणी ओतलं आणि चप्पल काढून उभी राहिले. दुकानदार हसला, हसू दे. सांध्यांत साधं सिमेंटचं ग्राउट नको. ते सू पिऊन घेतं आणि वास जात नाही. इपॉक्सी महाग पडतं, तरी तेच भरा.

टाइलवर टाइल चिकटवली की जमीन बारा ते पंधरा मिलिमीटर वर येते. दारं खालून कापावी लागतात, हे मिस्त्री सांगतो. तो सांगत नाही ते हे की हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे तेवढीच पायरी तयार होते, आणि नुकतं चालायला लागलेलं मूल नेमकं तिथेच आपटतं. उताराची पट्टी बसवून घ्या. वजनही चारशे किलोंच्या आसपास वाढतं. चांगल्या स्लॅबला ते जड नाही, पण खालच्या घराच्या छताचं प्लास्टर पडत असेल, सळई दिसत असेल, तर आधी इंजिनिअरला विचारा. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहेच, सोसायटीकडून तो अहवाल मागून वाचा. दर ऐकताना १८ टक्के जीएसटी धरलाय का ते विचारा, आणि त्याच बॅचची एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवा. पुढे शेड जुळत नाही.

मार्बल आणि कोटा यांवर फार बोलत नाही. दोन्ही चुन्याचे दगड; लिंबू सरबत किंवा सोलकढी सांडून तशीच राहिली की पॉलिश खाल्लं जातं. मोझॅकलाही हाच रोग आहे, कारण त्यात मार्बलचेच तुकडे.

तरी आम्ही मोझॅकच ठेवलं. उंची वाढली नाही, गोणी उचलल्या नाहीत, दार कापलं नाही, आणि खर्च टाइलच्या निम्म्याहूनही कमी. भेगा पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग कालवून भरल्या, मशीनने एकाहून एक बारीक असे तीन-चार नंबरचे दगड फिरवले, वर सीलर मारला. आरशासारखी चकाकी नको, एक नंबर आधीच थांबा, असं पॉलिशवाल्याला दोनदा सांगावं लागलं. त्याला ते अपमानास्पद वाटलं. फुटलेली लादी बदलायची तर १९२२ पासून सिमेंटच्या लाद्या बनवणारी मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज अजून चालू आहे. सरबताचे दोन पांढरे डाग पडलेत, ते आहेत तसेच. आपटण्याच्या भीतीसाठी मधोमध जाड सतरंजी अंथरली, उन्हात टाकता येते म्हणून फोमच्या मॅटपेक्षा ती बरी.

घासताना निघणारा राखाडी चिखल मात्र चार दिवस घरभर होतो. पावसाळ्यात काम काढू नका, काही वाळत नाही. दसऱ्यानंतर मिस्त्री मिळत नाहीत. आम्ही मेच्या सुट्टीत पोरांना आजोळी चिपळूणला पाठवलं आणि ती परत यायच्या आदल्या रात्री दोनदा लादी पुसून घेतली.