तांब्याच्या भावात ॲल्युमिनियम

दशावतारी नाटकांच्या ध्वनिमुद्रणांचे संपादन मी सावंतवाडीजवळच्या आमच्या घरी, बहुधा रात्री करतो. पेटीचा सूर विरत जातो, झांज थांबते आणि नेमक्या त्या क्षणी संगणकाच्या पंख्यांची घरघर कानात शिरते. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर काम थांबवावेच लागते. म्हणून गेल्या वर्षी पाण्याने थंड होणारा संगणक लाकडी पेटीत स्वतः बांधायचे ठरवले. प्रोसेसरची उष्णता पाणी रेडिएटरपर्यंत वाहून नेते आणि रेडिएटर पुरेसा मोठा असला की ती बाहेर टाकायला पंखे अगदी संथ फिरले तरी भागते. माझी फसवणूक झाली ती या रेडिएटरच्याच खरेदीत, आणि फसवणाऱ्याची रीत इतकी साधी होती की ती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

पेटीच्या बाबतीत मी नको तितकी काळजी घेतली होती. गावातल्या मेस्त्रींनी एका पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी तुळया पाहिल्या, पण वरच्या रंगावर न जाता प्रत्येक तुळईचे टोक चार बोटे कापून, रंधा मारून, वास घेऊन मगच त्यांतल्या दोन निवडल्या. "रंग बगून लाकूड घेव नये, कापून बगूचा," असे ते तेव्हा म्हणाले होते. पावसाळ्यात फळ्या फुगणार हे धरून त्यांनी खाचांमध्ये जागा सोडली, लाकडातून उष्णता बाहेर जात नाही म्हणून तळाला आणि माथ्याला हवेसाठी लांब फटी ठेवल्या आणि शेवटी चपड्याचे पॉलिश केले. पेटीला अडीच महिने लागले. रेडिएटर मी एका रात्रीत, मोबाइलवर पाहून घेतला.

विक्रेता मोठ्या शहरातला होता. ३६० मिलिमीटरचा, तीन पंखे बसतील असा, काळ्या रंगाचा 'शुद्ध तांब्याचा' रेडिएटर त्याने ८,२०० रुपयांना सांगितला. बिल हवे असल्यास वर १८ टक्के जीएसटी पडेल, असे म्हणताच मी बिल सोडून दिले, आणि हीच माझी पहिली चूक ठरली. मी खात्री मागितली तेव्हा त्याने एक छोटी चित्रफीत पाठवली: रेडिएटरवर लोहचुंबक ठेवला जातो आणि घसरून पडतो. चुंबक चिकटत नाही, म्हणजे तांबे, असे त्याचे म्हणणे. चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, ही शाळेत शिकलेली गोष्ट मला त्या क्षणी आठवली नाही.

माल आला तेव्हा त्यावर एक लेबल चिकटवलेले होते: रंग खरवडल्यास वॉरंटी रद्द. तांब्याच्या म्हणून मिळणाऱ्या चांगल्या रेडिएटरमध्येही बहुधा नळ्या आणि पत्र्या तांब्याच्या, तर टोकांच्या टाक्या पितळेच्या असतात. त्यामुळे नळी जोडायच्या भोकाच्या कडेला रंग जरासा खरवडला की पिवळा धातू दिसायला हवा. ज्या एका कृतीने खोटेपणा उघडा पडला असता, तीच त्या लेबलाने बंद करून ठेवली होती. भोकातले आटे मला पांढरट दिसले होते, हे मी लपवत नाही. मी विचारले, "हे पांढरे कसे?" उत्तर आले, "निकेलचा मुलामा आहे, सर." निकेलचा मुलामा या कामात खरोखरच वापरतात, त्यामुळे मी गप्प बसलो. पाण्यात काही मिसळू नका, नुसते डिस्टिल्ड वॉटर घाला, हा सल्लाही त्यानेच दिला.

पहिले चार महिने फार सुखाचे गेले. नंतर तेच काम करताना प्रोसेसरचे तापमान ६२ अंशांवरून हळूहळू ८५ च्या पुढे जाऊ लागले आणि पंखे पुन्हा ओरडू लागले. प्रोसेसरवरचा, ज्यातून पाणी फिरते तो तांब्याचा ठोकळा उघडून पाहिला, तर त्याच्या केसासारख्या बारीक खाचांमध्ये पांढरा, साबुदाण्याच्या खिरीसारखा बुळबुळीत थर साचला होता. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांची जणू बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. तो थर त्या झिजेचा होता. तयार मिळणाऱ्या बंद कूलरमध्येही ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा तळ असतो, पण त्यांच्या द्रवात गंजरोधक मिसळलेले असते. मला नेमके तेच घालू नका, असे सांगितले गेले होते. मी पटाशीच्या टोकाने भोकाची कड खरवडली. आतून पिवळे काही निघाले नाही; चहाच्या जुन्या पातेल्यासारखे पांढरे निघाले. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा तिपटीहून जड असते, त्यामुळे पार्सल हातात घेतानाच हे कळायला हवे होते.

त्याच आठवड्यात रेडिएटरच्या एका नळीला सुईच्या अग्राएवढे भोक पडले. पाणी तळाच्या फळीवर झिरपले आणि तिथले पॉलिश पांढरे पडले. मेस्त्री पाहायला आले, फळीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "लाकूड घेताना माका इचारलास, ह्या घेताना कोणाक इचारलास?"

विक्रेत्याने आधी पाण्याला दोष दिला, मग रंग खरवडल्याचे निमित्त सांगितले, मग फोन उचलणे बंद केले. चित्रफीत आणि निकेलचा निरोप त्याने पुसून टाकले होते. चित्रफीत माझ्या मोबाइलमध्ये आधीच साठवली गेली होती म्हणून वाचली, निरोप मात्र गेला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे यूपीआयची पावती होती, पण तिच्यावर वस्तूचे नाव नव्हते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी शहरात खेटे घालावे लागत नाहीत, आणि मुदत दोन वर्षांची असते. मी कागद जमवतो आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.

दुसरा रेडिएटर घेताना मी तीन दुकानदारांना एकच विनंती केली: बिल द्या, आणि पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर भोकाच्या आट्यांवर टॉर्च धरा. दोघांनी टाळाटाळ केली. तिसऱ्याने आटे दाखवलेच, शिवाय न सांगता वजनकाटा आणून रेडिएटर त्यावर ठेवला. आटे पिवळे होते. डाग पडलेली फळी मात्र मेस्त्रींनी बदलू दिली नाही. ती पेटीच्या तळाशी तशीच आहे.