पावसाळ्यात डोंगरात पळायचंय: साताऱ्याचा घाट घ्यायचा की चिखलातली ट्रेल?

जून लागला की आपल्या खान्देशातल्या रनिंग ग्रुप्समध्ये एक प्रश्न हमखास येतो, की रोडवर हाफ (२१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन) झाली, आता यंदा पावसाळ्यात डोंगरात पळायचंय, तर कुठली रेस घेऊ. आणि उत्तर देणारा बहुतेक वेळा स्वतः जी पळलाय तीच सांगतो. जळगावचा असो, धुळ्याचा असो की शहाद्याचा, सगळ्यांना एकच सल्ला. मला हे अजिबात पटत नाही. डोंगरी रेसचे किलोमीटर नंतर बघायचे, आधी हे बघायचं की रविवारी सकाळी उठून आपल्याला कुठल्या चढावर जाता येतं आणि तो चढ डांबरी आहे का दगडमातीचा. त्यावरून रेस ठरवायची.

पर्याय ढोबळ मानाने दोन. एक म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन, २०१२ पासून होते, साधारण ऑगस्टअखेर-सप्टेंबरात, २१ किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता, गावातून निघून यवतेश्वर घाट चढायचा आणि कासच्या दिशेला जाऊन वळून परत त्याच रस्त्याने खाली यायचं. दुसरा म्हणजे इगतपुरी, लोणावळा, मुळशी या पट्ट्यात पावसाळ्यात होणाऱ्या छोट्या ट्रेल रेस, म्हणजे डांबर सोडून कच्च्या वाटेवरच्या, १० ते २५-३० किलोमीटरच्या, पायवाट, भातखाचरांचे बांध, ओढे, कातळ, धुकं. सिंहगड-राजगड-तोरण्याची एसआरटी अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षाही लांब पल्ल्याची रेस) इथे धरत नाही, ती डिसेंबरात असते, कोरड्या वाटेची गोष्टच वेगळी.

आता किलोमीटरचं. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंगवाले एक सोपा हिशोब वापरतात, दर १०० मीटर चढाईला १ किलोमीटर जास्त धरायचा. म्हणजे २१ किलोमीटरच्या ट्रेलमध्ये एकूण १००० मीटर चढाई असेल तर ती ३१ किलोमीटरच्या बरोबरीची झाली, आणि यात चिखल धरलेलाच नाही. त्यामुळे 'माझी हाफ दोन तास दहा मिनिटांची आहे, ट्रेलची २१ तीन तासात होईल' हे गणित धरून चालू नका. पावसात ओल्या पायवाटेवर रोडच्या दुप्पट वेळ लागणं अगदी साधी गोष्ट आहे, चांगल्या पळणाऱ्यालाही लागतो. म्हणून मी नेहमी म्हणते, पहिली ट्रेल १०-१२ किलोमीटरचीच घ्या. रोडवर तुम्ही कितीही पळत असा.

साताऱ्यात तो प्रश्न नाही. चढ लांब आहे पण एकसारखा आहे, रिदम लागतो, पाणी दर थोड्या अंतरावर मिळतं, रस्त्याच्या कडेला गावची लोकं उभी राहून टाळ्या वाजवतात, ढोल वाजत असतो. तिथे माणसाचा कस लागतो तो परत येताना. वर पोचल्यावर वाटतं झालं, आता नुसतं सोडून द्यायचं, आणि तिथूनच मांड्यांचा खेळ सुरू होतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, आणि या प्रकारच्या कामाने स्नायूला सगळ्यात जास्त बारीक इजा होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही ते यामुळेच. यात चांगली गोष्ट अशी की शरीर हे पटकन शिकतं. एकदा मोठ्या उतारावर पळून मांड्या दुखून गेल्या की पुढच्या वेळी तेवढ्याच उतारावर तेवढ्या दुखत नाहीत, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून रेसच्या दोन-तीन आठवडे आधी एक मोठा उतार पळून झालेला असलाच पाहिजे, चढ एकवेळ कमी झाला तरी चालेल. जळगावात मेहरूण तलावाच्या फेऱ्या मारून फुप्फुसं तयार होतील, मांड्या नाही होणार.

ट्रेलमध्ये उतार अजून वेगळा. तिथे मांडीच्या आधी डोकं दमतं, कारण प्रत्येक पाऊल बघून टाकायचं असतं. आणि इथे आपल्या लोकांची एक खास अडचण आहे जी पुण्या-मुंबईच्या रनरला सांगून कळणार नाही. आपल्या काळ्या मातीचा गारा, म्हणजे चिखल, चिकटतो. ती माती पाणी पिऊन फुगते, बुटाला थर चढत जातो, पाय जड होतात पण घसरायला तेवढं होत नाही, कारण बूट रुतलेला असतो. सह्याद्रीतला चिखल पातळ असतो, त्यात बूट रुतत नाही, सटकतो. आणि त्याच्यापेक्षाही वाईट म्हणजे शेवाळ आलेला कातळ, त्याच्यावर चिखलासाठीचे, तळाला मोठे दाणे असलेले बूटही कामाला येत नाहीत, तिथे पाऊल लहान टाकायचं, अख्खा तळवा टेकवायचा, गुडघे वाकलेले ठेवायचे आणि लाज न धरता चालायचं. टाच आधी टेकवली की गेला माणूस. शिवारात गाऱ्यातून पळायची सवय आहे म्हणजे ट्रेलची तयारी झाली असं समजू नका, ओल्या दगडावर उतरायची सवय वेगळी करावी लागते.

मग ती कुठे करायची, तर इथेच गावागावाप्रमाणे उत्तर बदलतं.

धुळेकरांना लळिंग आहे, शहरापासून दहा-एक किलोमीटरवर मुंबई-आग्रा हायवेलगत. किल्ल्याची वाट छोटी आहे पण दगडगोट्यांची आहे, आणि एका सकाळी दोन-तीनदा वरखाली केलं तर ट्रेलसाठी याच्यापेक्षा चांगली शाळा नाही. खाली लळिंगच्या कुरणात मऊ वाटा आहेत, तिथे सुरुवातीचे सोपे किलोमीटर करता येतात. धुळ्याच्या माणसाने सरळ ट्रेल घ्यावी असं माझं मत आहे.

चाळीसगाव-पाचोऱ्याकडच्यांना पाटणादेवी. चाळीसगावपासून १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्याचा भाग, केदारकुंडाचा धबधबा, झाडी, ओली दगडी वाट, ओढे. सह्याद्रीच्या पावसाळी वाटेला आपल्याकडे सगळ्यात जवळचं असं काही असेल तर हेच. पण अभयारण्य आहे हे विसरू नका, वनखात्याची परवानगी, त्यांच्या वेळा, आणि बिबट्याचा वावर आहे म्हणून अंधारात किंवा एकटं अजिबात जायचं नाही. कन्नड घाटात मात्र पळायला जाऊ नका, रस्ता अरुंद, वाहतूक, आणि पावसात दरडी. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीला एका रात्रीच्या पावसात घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांच्या पुराने काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

शहादा, तळोदा, नंदुरबारच्या लोकांना तोरणमाळ. उंची अकराशे मीटरच्या वर, शहाद्याहून ५० किलोमीटरच्या आसपास, आणि वर जाणारा वळणावळणाचा घाटरस्ता म्हणजे साताऱ्याच्या रेसची तालीमच समजा. सकाळी लवकर गाडी खाली लावून घाट चढायचा, वर यशवंत तलावापाशी जरा थांबायचं, मग उतरायचं, बस. धुकं असलं तर भडक रंगाचा टीशर्ट आणि मागे लाल लाईट हवाच, वळणावर जीपवाल्याला तुम्ही दिसत नाही. या भागातल्या माणसाने पहिल्या वर्षी सातारा घ्यावा, तयारी आपोआप होते.

जळगाव-भुसावळवाल्यांचं सगळ्यात अवघड, गाव सपाट. लांडोरखोरी उद्यानातल्या वाटा रोजच्यासाठी ठीक आहेत, पण खरा चढ पाहिजे तर सातपुड्याकडे जावं लागतं, यावल तालुक्यात मनुदेवी नाहीतर रावेरकडे पाल. मनुदेवीची जागा सुंदर आहे, धबधबाही, पण पावसाळ्यात वाटेतल्या नाल्याला पाणी असतं आणि वर डोंगरात पाऊस झाला की खाली आकाश कोरडं असताना पाणी वाढतं. महिन्यातून दोनदा तरी तिकडे जाणं जमणार असेल तर १० किलोमीटरची ट्रेल घ्या, जमणार नसेल तर सातारा घ्या आणि आठवड्यात एक दिवस फ्लायओव्हर किंवा जिने वरखाली करा. फ्लायओव्हर कंटाळवाणा आहे मान्य, पण उतार तो उतारच.

वेळेचा पण मुद्दा आहे, आणि तो फार कोणी सांगत नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्री, त्यात डोंगरात कोण जाणार. पाऊस आपल्याकडे खऱ्या अर्थाने जूनच्या उत्तरार्धात बसतो, कधी जुलै उजाडतो. म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातली ट्रेल घेतली तर ओल्या वाटेवर तुमची प्रॅक्टिस जवळपास शून्य असणार. पुणेकराच्या हाताशी सिंहगड वर्षभर असतो, आपलं तसं नाही. म्हणून खान्देशातल्या माणसाने ऑगस्टच्या मध्यानंतरचीच रेस बघावी, दोन्हीपैकी कुठलीही असो. साताऱ्याची तारीख या दृष्टीने आपल्याला एकदम सोयीची पडते.

सामानाचं थोडक्यात. साताऱ्याला रोजचे रोड शूज चालतात, फक्त तळ झिजलेला नको. ट्रेलला ट्रेलचेच बूट, तळाला ४ ते ६ मिलीमीटरचे दाणे असलेले, आणि ते रेसच्या आधी निदान महिनाभर वापरलेले. वॉटरप्रूफ बूट घेऊ नका, ओढ्यात पाणी वरून आत शिरतं आणि मग आतच राहतं, जाळीचा बूट दहा मिनिटात निथळतो. सुती मोजे नकोत, फोड हमखास. मांड्यांना, काखेत व्हॅसलीन भरपूर. खायला आपली केळी आहेतच, रावेर-यावलच्या माणसाला काय सांगायचं, शिवाय खजूर, चिक्की, मिठाची पुडी. पावसात तहान कळत नाही पण हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही, नुसता वाहत राहतो, त्यामुळे मीठ-पाणी दोन्ही लागतं. नुसतं पाणी लिटर-लिटर ढोसणं पण धोक्याचं, रक्तातलं सोडियम खाली जातं. ट्रेलवर दोन पाणी-पॉइंटमध्ये बरंच अंतर असतं, त्यामुळे अर्धा-एक लिटर अंगावर न्यायचंच.

आणि आता सुरक्षेचं, हे मी सगळ्यात कळकळीने सांगते कारण आपल्याकडे याला लोक हसण्यावारी नेतात. साताऱ्यात काही झालं तर रस्त्यावर आहात, ॲम्ब्युलन्स येते. ट्रेलवर पाय मुरगळला तर धुक्यात, मोबाईलला रेंज नाही, पाठीमागचा माणूस कधी येईल माहीत नाही अशा जागी बसावं लागतं, आणि पळायचं थांबलं की ओलं अंग वाऱ्यात झपाट्याने गार पडतं. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात एका १०० किलोमीटरच्या डोंगरी रेसमध्ये गारठवणारा पाऊस आणि वारा अचानक आला आणि २१ रनर गेले. आपल्याकडे तेवढी थंडी नाही हे खरं, पण वारा अडवणारं हलकं जॅकेट, शिट्टी, प्लास्टिकच्या पिशवीत चार्ज केलेला फोन आणि क्रेप बँडेज एवढं प्रत्येकाकडे पाहिजे, आयोजकाने सांगो न सांगो.

फी भरायच्या आधी आयोजकाला फोन करून विचारा: ओढ्याला पाणी वाढलं तर दुसरा मार्ग ठरलेला आहे का, विजा चमकायला लागल्या तर रेस कुठे आणि कोण थांबवणार, सगळ्यात मागे चालणारा स्वयंसेवक आहे का, कट-ऑफ (रेस संपवायची कमाल वेळ) किती. नीट उत्तर देणारा आयोजक असेल तर डोळे झाकून जा. 'काही होत नाही हो, दरवर्षी करतो' असं म्हणाला तर पैसे भरू नका, रेस कितीही स्वस्त असो, फोटो कितीही भारी असोत. गुडघ्याच्या वरचं वाहतं पाणी दिसलं तर थांबायचं, मेडल गेलं तर गेलं. आणि खाचरातल्या साचलेल्या पाण्यात पायाला कापलं-खरचटलं असेल आणि पुढच्या एक-दोन आठवड्यात ताप आला तर डॉक्टरला आवर्जून सांगा की मी अशा पाण्यातून पळाले होते, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) शंका त्यांना लगेच येईल आणि औषध वेळेत सुरू होईल.

बायांसाठी एक वेगळं सांगते. सराव ट्रेलचा करायचा असेल तर निदान तिघी-चौघी मिळून जा, घरी जागा आणि परत यायची वेळ सांगून. एकटीला ग्रुप जमत नसेल तर पहिलं वर्ष साताऱ्याचंच बरं, तयारी रस्त्यावर होते आणि रेसमध्ये हजारो लोक सोबत असतात.

जायचं कसं, तर साताऱ्याकडे जळगाव-चाळीसगाववरून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट आहे, धुळेकरांनी चाळीसगावला येऊन पकडायची. स्टेशन गावापासून लांब आहे, आणि रेसच्या वीकेंडला खोल्या मिळत नाहीत, त्यामुळे राहायचं आधी ठरवा, मग तिकीट. इगतपुरीकडची ट्रेल असेल तर मेन लाईनवरच आहे, शनिवारी दुपारी निघून रात्री मुक्काम, रविवारी रेस करून रात्री घरी, सोमवारी कामावर. खर्च बघता ट्रेल इथे स्वस्त पडते, बुटांचे पैसे सोडले तर. साताऱ्याचं रजिस्ट्रेशन मात्र काही महिने आधीच उघडतं आणि लवकर भरतं, पाऊस बघून ठरवू म्हणाल तर जागा गेलेली असेल. यंदाची हुकली असेल तर ऑगस्टअखेरची १० किलोमीटरची ट्रेल शोधा आणि येत्या रविवारी लळिंग नाहीतर पाटणादेवी, जे जवळ असेल ते, फक्त उतरून बघा, हळू.