मोठे व्हिडिओ की शॉर्ट्स?

भाची रानभाज्यांचे व्हिडिओ करते. यूट्यूबवर सविस्तर कृती टाकायची की नुसते शॉर्ट्स, हे तिचं ठरत नाहीये.

आधी पैसा. जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर हवेतच. शिवाय मोठ्या व्हिडिओंना वर्षभरात ४००० तासांचा वॉचटाइम (लोकांनी पाहण्यात घालवलेला एकूण वेळ), नाहीतर शॉर्ट्सना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. पुढे मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के थेट आपले. शॉर्ट्सची कमाई मात्र सगळ्यांच्या सामायिक गल्ल्यात जाते, संगीताचा हिस्सा वेगळा निघतो आणि आपल्या वाट्याच्या रकमेतले ४५ टक्के हातात येतात. त्यामुळे लाखभर व्ह्यूज दिसले म्हणून हुरळू नये.

मेहनत? शॉर्ट एका संध्याकाळी उरकतो, पण सतत टाकत राहावं लागतं. मोठ्याला निवडणं-चिरण्यापासून आवाज, एडिटिंगपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात.

टिकण्यात मात्र तुलनाच नाही. पावसाळा आला की लोक ‘टाकळ्याची भाजी’ शोधतात आणि जुना व्हिडिओ पुन्हा चालतो. शॉर्ट बहुधा आठवड्यात विरतो.

धोका दोन्हीकडे आहे, कारण ॲप आपल्या हातात नसतं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या कलाकारांचे फॉलोअर एका रात्रीत गेले.

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून चेहरा ओळखीचा करायचा, घरचे मसाले विकायचे, तर शॉर्ट्स. पोट भरायचं असेल तर मोठे व्हिडिओ, आणि निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवूनच.