“दादा, मागचं चाक बसलंय!”

रक्कम आधीच सांगून टाकते: सहा हजार रुपये. घर बुडालं नाही, कुणाला खरचटलं नाही. तरी लिहायला बसले, कारण ते सहा हजार ज्या रीतीनं गेले, ती रीत लहान मूल घेऊन निघालेल्या गाडीसाठीच बेतलेली आहे, असं माझं आता मत झालंय.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुण्याहून मालवणला निघालो. मी, नवरा, सासूबाई आणि सव्वादोन वर्षांची मनू. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली. मनू व्हायच्या आधी याच रस्त्यानं आम्ही दोनदा गेलोय, चहाला थांबत, गाणी ऐकत. आता सगळं गणित तिच्या झोपेवर. पहाटे साडेचारला झोपलेली उचलून कार सीटमध्ये बांधली. (चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. आम्ही मात्र सीट घेतली ती मनूच्या धाकानं. मोकळी असली की ती गिअरपर्यंत पोचते.) साताऱ्यापर्यंत झोपेल, मग दूध, दहाच्या सुमाराला कोल्हापूरच्या अलीकडे कुठंतरी मऊ भात, त्यावर पुन्हा झोप, आणि त्या झोपेत घाट उतरायचा. जागेपणी घाट लागला तर ती ओकते. हे वेळापत्रक मी फ्रिजवर लिहून लावलं होतं. हसा.

डिकीत काय होतं तेही सांगते, कारण पुढं ते लागणार आहे. स्ट्रोलर, घडीचा टब, डायपरची दोन मोठी पाकिटं, छोटा कुकर, सासूबाईंची लाडू-चिवड्याची पिशवी, आणि कुणीतरी घालून ठेवलेला वाळूत खेळायचा बादली-फावड्याचा सेट. या सगळ्याच्या खाली, गालिच्याखाली, स्टेपनी. तिच्यात हवा आहे का, हे गाडी घेतल्यापासून आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

खंबाटकी घाट झोपेत पार पडला. सातारा मागे पडलं आणि मनू उठली. सहापदरीकरणाच्या कामामुळं या पट्ट्यात जागोजागी वळण लागतं, गाडी सर्व्हिस रोडवर उतरते, पुन्हा वर चढते. अशाच एका सर्व्हिस रोडला एका टपरीशी थांबून मी तिचा डायपर बदलला, नवऱ्यानं चहा घेतला. दहा-बारा मिनिटं. निघून तीन-चार किलोमीटर झाले असतील, तोच एक मोटरसायकलवाला पोरगा शेजारी आला, हॉर्न वाजवत, मागच्या चाकाकडे बोट दाखवत.

“दादा, मागचं चाक बसलंय! डावीकडचं!”

आणि काच खाली केल्यावर, अगदी काळजीनं: “फुडं दोन मिनटावर दुकान हाय. हळूहळू घ्या, रिम खराब व्हईल.”

त्याला आम्ही थँक्यू म्हणालो.

दुकान खरंच दोन मिनिटांवर होतं. पत्र्याची शेड, धडधडणारा कॉम्प्रेसर, टायरची चळत, आणि दारात पांढऱ्या रंगानं ‘पंक्चर’ लिहिलेला टायर. दुकानदार चाळिशीचा, बोलायला गोड. आधी चाकाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. “वहिनी, लेकराला धुरळ्यात नका उभं करू. आत पंख्याखाली बसा. आज्जी, ह्या स्टुलावर बसा.” मनूच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. “आमच्या घरीबी एवढीच हाय.” सासूबाई त्याच क्षणी त्याच्या बाजूच्या झाल्या.

त्यानं हवा मोजायचा गेज लावला. चौदा. आदल्या संध्याकाळी पेट्रोल पंपावर आम्ही तेहतीस भरून घेतली होती. गेज त्याचा होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. चाकात खिळा मात्र होता, तो खरा. आखूड आणि चकचकीत. रस्त्यावर पडून राहिलेला खिळा बहुधा गंजलेला असतो, हे मला रात्री अंथरुणावर आठवलं. टपरीशी कुणी ठोकला, की रस्त्यात पेरलेला होता, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. संशय आहे, पुरावा नाही.

चाक काढलं, फेसाच्या पाण्याचा स्पंज फिरवला. खिळ्यापाशी बुडबुडे. एक पंक्चर, दोनशे रुपये. इथवर सगळं ठीक. मग त्याच्या हाताखालच्या पोरानं नवऱ्याला हाक मारली, “दादा, तुमच्या गाडीतला पाना द्या, आमचा बसंना नीट.” पाना कुठं? डिकीत, सगळ्याच्या खाली. नवरा स्ट्रोलर उपसायला गेला.

हा पुढचा भाग मी स्वतः पाहिला, म्हणून जरा सावकाश सांगते. मी मनूची बिस्किटानं बरबटलेली बोटं पुसत होते, तोंड दुकानदाराकडेच होतं. डाव्या हातात स्पंज, तो टायरवर दाबून धरलेला. उजव्या हातात लाकडी मुठीचा टोच्या, ज्यानं भोक मोठं करून ते बुजवायला रबराची स्ट्रिप घालतात. तो हात स्पंजच्या आड गेला. त्याचा खांदा एकदा खाली दबला, कणीक तिंबताना आपला दबतो तसा. मग स्पंज बाजूला केला आणि तिथं बुडबुडे आले. “बघा वहिनी, अजून एक.” परत तसंच. “हे तिसरं.” मला वाटलं, तो शोधतोय. टोच्यानं पंक्चर शोधत नाहीत, एवढं कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. पण माझं अर्धं लक्ष घड्याळात होतं. साडेनऊ होत आले होते. भात दहाला.

नवरा पाना घेऊन आला तोवर तीन पंक्चर झाले होते आणि दोन स्ट्रिपा आत गेल्याही होत्या. मग दुकानदारानं टायरच्या बाजूवर बोट ठेवलं. तिथं बारीक चीर, त्यातून फेस. “दादा, हे काय आपल्याच्यानं हुणार नाय. साइडला लागलंय. तसंच घेऊन जावा, पर घाटात फुटलं तर मला म्हणू नका. लेकरू हाय गाडीत.”

बाजूला भोक पडलं तर तिथलं पंक्चर काढत नाहीत, टायर बदलतात, हे खरं आहे. नवऱ्याला ते माहीत होतं, म्हणून तर तो अडकला. काहीच माहीत नसतं तर निदान कुणाला तरी फोन केला असता.

नवरा म्हणाला, स्टेपनी लावतो. पोरानं स्टेपनी काढून आपटून दाखवली. “हिच्यातबी हवा नाय, दादा.” आणि आम्ही तिघं मोठी माणसं त्या बसलेल्या स्टेपनीकडे बघत उभे राहिलो. चार हातांवर कॉम्प्रेसर धडधडत होता. “मग हवा भर आणि लाव”, हे एक वाक्य तिघांपैकी कुणालाही सुचलं नाही! आजही आम्ही दोघं हे आठवलं की एकमेकांकडे बघत नाही.

तेवढ्यात मनूनं भोकाड पसरलं. सासूबाई म्हणाल्या, “अरे, पोर उपाशी आहे. काय ते दे आणि चल.” चळतीतून एक टायर निघाला, काळाभोर, चमकणारा. ५,६०० रुपये. तीन पंक्चरचे सहाशे, कारण “मेहनत झाली दादा, स्ट्रिपा गेल्या”. बसवणं आणि बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचा तोल साधणं, याचे तीनशे. जुना टायर ठेवून घेतो म्हणून पाचशे वजा. झाले सहा हजार. बिलबुक संपलेलं होतं. क्यूआर कोड स्कॅन केला तर दुकानाचं नाव न येता कुणा बाईंचं नाव आलं. “घरच्यांचं हाय.” नवऱ्यानं पैसे पाठवले. दुकानदारानं मनूला टाटा केला, तिनंही केला.

आता यात एक गंमत बघा. बॅलन्सिंगचे पैसे दिले, पण बॅलन्सिंगचं मशिन त्या शेडमध्ये नव्हतंच. हे आम्हाला ऐंशीच्या वर वेग गेल्यावर कळलं. मागची सीट थरथरायला लागली. सासूबाईंना वाटलं, रस्ता खराब आहे. मी भाताचा डबा हातात धरला होता, त्याचं झाकण खुळखुळत होतं.

कोल्हापुरात शिरल्यावर शोरूमसारख्या एका मोठ्या टायरच्या दुकानात गाडी घातली. तिथले मिस्त्रीकाका चाकाशी उकिडवे बसले, बोललेच नाहीत काही. टायरवर नख ओढलं आणि नख मला दाखवलं. त्यात काळा रंग. मग टायरच्या बाजूला, डॉट अशी अक्षरं असतात त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, त्यावर बोट ठेवलं: ३४१६. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१६ सालचा चौतिसावा आठवडा. आमच्या ‘नव्या’ टायरचं वय मनूच्या तिपटीहून जास्त होतं.

“आणि हे बघा,” म्हणत त्यांनी खाचेत बोट फिरवलं. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरली, की तो बदलायचा. आमच्या टायरमध्ये ते उंचवटेच कापले गेले होते. झिजलेल्या टायरवर गरम हत्यारानं खाचा पुन्हा कोरायच्या, वरून पॉलिश मारायचं, की नक्षी खोल दिसते. रबर मात्र तेवढंच पातळ, किंबहुना आणखी पातळ. हा टायर लावून आम्ही फोंडा घाट उतरणार होतो.

काकांनी विचारलं, “जुना टायर कुठाय?” नवरा गप्प. तो टायर नऊ महिन्यांचा होता. पावती फोनमध्ये होती. खिळ्याचं एक पंक्चर काढलं असतं तर आणखी तीन-चार वर्षं सहज चालला असता. तो आम्ही पाचशे रुपयांत देऊन आलो होतो, वर सहा हजार घालून.

तिथं पावतीसकट नवा टायर घेतला, मशिनवर बॅलन्सिंग केलं, स्टेपनीत हवा भरली. मनूचा भात साडेबाराला झाला, झोप हुकली, आणि दाजीपूरच्या पुढं जे व्हायचं ते सीट कव्हरवर झालं.

तक्रारीचं विचाराल तर ११२ ला फोन केला होता. नीट बोलले. पण रीतसर तक्रारीसाठी त्या हद्दीतल्या ठाण्यात या म्हणाले, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर उलटं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथं बिल विचारलं. बिल नव्हतं. परतताना नवऱ्याला पलीकडे वळून जाब विचारायचा होता. सासूबाई म्हणाल्या, तिथं पाच-सात जण असतील आणि आपल्या गाडीत लेकरू आहे. त्याच कारणानं पैसे दिले होते, त्याच कारणानं भांडलोही नाही. दुकानदाराला हेही ठाऊक असणार.

तुम्ही निघणार असाल तर स्टेपनी आधी बघा. आणि तिच्यावर सामान रचणार असाल तर सगळ्यात वर काय ठेवायचं ते ठरवा, कारण तुम्ही उपसत असताना तिकडे टायरपाशी कुणीतरी हवं. आम्ही आता स्वतःचा गेज ठेवतो, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंपही घेतलाय. रस्त्यात कुणी चाकाकडे बोट दाखवलं तर थांबतो, पण त्यानं सांगितलेल्या दुकानात जात नाही. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा असला आणि तो उपटला नाही, तर हवा सहसा एकदम जात नाही. हवा भरून, हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत बहुतेक वेळा जाता येतं. राष्ट्रीय महामार्गावर खरोखर अडकलात तर १०३३ ही हेल्पलाइन आहे.

पंक्चर काढायची वेळ आलीच तर काकांनी सांगितलेली युक्ती: टोच्याला हात लावायच्या आधी अख्खं चाक टाकीत बुडवून फिरवायला लावायचं, आणि बुडबुडे येतील तिथं आपण स्वतः खडूनं खूण करायची. जेवढ्या खुणा, तेवढेच पैसे. आमच्या गाडीत आता खडूची डबी असते. मनूला वाटतं तिच्यासाठी आहे, त्यामुळे डॅशबोर्डवर रेघोट्या आहेत, त्या असू देत.

नवऱ्याला अजून सहा हजारांपेक्षा त्या नऊ महिन्यांच्या टायरचं जास्त वाईट वाटतं. परवा म्हणाला, तो पॉलिश मारून कुणाला तरी नवा म्हणून विकला असेल. मी म्हटलं, असेल. त्या बिचाऱ्याला निदान माल तरी चांगला मिळाला.