कुलाब्यातली खोली आणि ‘टोकन नंबर’ १८,६१४

डिसेंबरात आमचं लग्न झालं. मिरजेत तीन खोल्यांचं घर. सासू-सासरे, दीर, आजेसासूबाई, सगळे एकत्र. दोघांनीच कुठे जाऊन यावं हे मार्चपर्यंत काही जमलं नव्हतं. मग ठरवलं, शुक्रवारी रात्री मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, शनिवारी सकाळी सीएसएमटी. गेटवेवरून लाँचने घारापुरी, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, एक रात्र मुक्काम आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत. रेल्वेची तिकिटं निघाली. हॉटेलचं काम मी माझ्याकडे घेतलं, कारण पैसे माझ्या शिकवणीचे होते.

कुलाब्यातलं एक साधं, जुनं हॉटेल मोबाइलमधल्या नकाशावर सापडलं. फोटो खरे, लोकांचे अभिप्राय खरे, पत्ता खरा. ॲपवरून बुकिंग करता आलं असतं, पण माझ्या आधार कार्डावर अजून माहेरचं नाव आहे. आडनावं वेगळी म्हणून दारातच अडवलं तर काय, ही धास्ती मनात होती. म्हणून म्हटलं, आधी माणसाशी बोलावं. नकाशावर हॉटेलच्या नावाखाली जो मोबाइल नंबर होता, त्यावर बुधवारी रात्री साडेआठला फोन लावला.

पलीकडचा माणूस मराठीतच बोलत होता, अगदी अदबीने. मी नावाची अडचण सांगितली आणि त्याला तिथेच माझी दुखरी नस सापडली. ‘मॅडम, नवीन लग्न झालेल्यांना हा प्रॉब्लेम येतोच. शनिवारी चेकिंग कडक असतं. तुम्ही दोघांचं आधार आणि लग्नाची पत्रिका पाठवून ठेवा, मी सांभाळून घेतो.’ मला इतकं हायसं वाटलं की त्यानंतर तो म्हणेल ते मी करत गेले. खोलीचे ३,८०० आणि सकाळी आठला खोली मिळावी म्हणून ६००, असे ४,४०० रुपये आगाऊ मागितले. क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर हॉटेलचं नाव दिसायला हवं, तिथे एका बाईचं नाव होतं. विचारलं, तर म्हणाला, ‘मॅनेजर मॅडमचं खातं आहे, कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे.’ मी पैसे पाठवले.

पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. ‘मॅडम, रूम कन्फर्म आहे, पण तुमचं पेमेंट सिस्टीममध्ये मॅच होत नाहीये. एक टोकन नंबर टाकावा लागेल. अकाउंटला बॅलन्स किती आहे तेवढं बघून सांगा.’ मी बघितलं आणि सांगितलं. इथेच मी फोन ठेवायला हवा होता. खोली देणाऱ्याला माझ्या खात्यात किती पैसे आहेत हे कशाला हवं?

‘आता तोच क्यूआर उघडा. जिथे अमाउंट लिहितात तिथे एक आठ सहा एक चार टाका. ही अमाउंट नाही, टोकन नंबर आहे. पुढे पिन टाकला की बिल जनरेट होतं आणि जादाचे पैसे आपोआप परत येतात.’ आकडा १८,६१४ असा विचित्र असल्यामुळे तो मला खरंच कसला तरी क्रमांक वाटला. वर रुपयाचं चिन्ह दिसत होतं. मोबाइल स्पीकरवर, तो भरभर बोलतोय, ‘लवकर करा, टोकन दोन मिनिटांत एक्सपायर होईल’. मी पिन टाकला. खात्यातून १८,६१४ रुपये गेले.

मी ओरडले तर तो मलाच धीर द्यायला लागला. डबल एंट्री झाली म्हणे, पुन्हा तोच नंबर टाका, दोन्ही रकमा एकदम परत येतील. मी पुन्हा टाकायला निघाले होते. ह्यांनी फोन हातातून काढून घेतला म्हणून ते पैसे वाचले. तोपर्यंत एकूण २३,०१४ रुपये गेले होते.

पुढचं लिहायला मला जास्त जड जातंय, पण ह्याच्यासाठीच मी लिहायला बसले आहे. आम्ही त्या रात्री कोणालाही काही सांगितलं नाही. बाहेरच्या खोलीत सगळे जेवत होते. सून येऊन चार महिने झाले नाहीत आणि फिरायला जायच्या नादात तेवीस हजार घालवले, हे कोणत्या तोंडाने सांगणार? तो माणूस ‘चोवीस तासांत रिफंड येईल’ म्हणाला होता, त्याच आशेवर आम्ही रात्र काढली. गुरुवारी दुपारी शाळेतल्या एका ताईंना माझा चेहरा बघून कळलं. त्यांनी माझ्यासमोर १९३० हा नंबर लावला. तेव्हा साडेतीन वाजले होते. एकोणीस तास वाया गेले होते.

१९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. तिथे व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, विचारतात. तो यूपीआय ॲपच्या व्यवहारात दिसतो, शोधून हाताशी ठेवा. तक्रार लागली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवून रक्कम रोखायचा प्रयत्न होतो. आमचे पैसे तोवर दोन-तीन खात्यांतून पुढे गेले होते. २,९०० रुपये तेवढे अडकवता आले. सायबर पोलिसांकडे गेलो तेव्हा तिथले साहेब शांतपणे म्हणाले, ‘ताई, रात्रीच फोन केला असता तर बरंच हाती लागलं असतं.’ रागावले असते तर परवडलं असतं.

बँकेतही आशा नव्हती. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं. त्यानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर काही गेलं तर बँकेचं. पिन मी माझ्या हाताने टाकला होता. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो जाण्यासाठी लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तो बोलत असताना आठवलं नाही.

तिकिटं होती म्हणून आम्ही मुंबईला गेलो. शुक्रवारी अकरा वाजता परतीचं शनिवारचं तत्काळ मिळालं, रविवारचं रद्द केलं. सीएसएमटीच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं आणि थेट त्या हॉटेलवर गेलो. हॉटेल खरोखर होतं. काउंटरवर साठीचे काका होते. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून नंबर वाचला आणि ड्रॉवरमधून एक वही काढली. तिच्यात तारखा आणि रकमा लिहिलेल्या. त्या महिन्यातलं आमचं तिसरं जोडपं. त्यांचा खरा नंबर ०२२ ने सुरू होणारा लँडलाइन. नकाशावर कोणीही ‘दुरुस्ती सुचवा’ म्हणून फोन नंबर बदलायला देऊ शकतो आणि कधी कधी तो मंजूर होऊन जातो. फोटो, पत्ता, अभिप्राय सगळं खऱ्या हॉटेलचं राहतं, फोन मात्र चोराला लागतो.

नावाचं विचारलं तर काका म्हणाले, ‘दोघांचं एकेक ओळखपत्र दाखवायचं, बाळ. आडनाव कुठलंही असू दे. पत्रिका कोण मागतं?’ तिथे मला रडू आवरलं नाही. त्यांनी चहा मागवला.

हे देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावानेही चालतं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर विभागाने केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची अतिथिगृहं, सोमनाथचं बुकिंग ह्यांच्या खोट्या संकेतस्थळांबद्दल जाहीर इशारा दिला होता. तेव्हा सुट्टीचे बेत करत असाल तर हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर आणि नकाशावरचा नंबर ताडून बघा. लँडलाइनवर एकदा फोन कराच. पैसे तिथे पोचून द्यायची तयारी दाखवा. पिन टाकण्याआधी पडद्यावर कोणाचं नाव येतंय ते मोठ्याने वाचा. आधार पाठवावंच लागलं तर पहिले आठ आकडे झाकलेलं, मास्क केलेलं पाठवा. आमचं पूर्ण आधार त्या माणसाकडे गेलंय. आम्ही दोघांनीही आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून घेतलं, तरी धाकधूक आहेच.

घारापुरी राहिली. संध्याकाळी मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसलो तेव्हा ह्यांनी आईंना फोन लावून सगळं सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘काही खाल्लंत का दोघांनी?’

परत आल्यावर मी नकाशावरचा नंबर चुकीचा असल्याचं कळवलं, आठ दिवसांनी तो दुरुस्त झाला. काल रात्री पुन्हा बघितलं तर तिथे तिसराच मोबाइल नंबर आहे. आज सकाळी काकांना लँडलाइनवर फोन करून तो वाचून दाखवला. ते वहीत लिहून घेत होते.